लागोसची माणसे किती?

नायजेरियातील शहरांची लोकसंख्या सांगणे सोपे नाही. २००६ च्या शिरगणतीत लागोस राज्याची संख्या सुमारे ९० लाख, तर उत्तरेकडील कानोची सुमारे ९४ लाख भरली. लागोस सरकारच्या स्वतंत्र मोजणीत मात्र आकडा पावणेदोन कोटींवर गेला! केंद्रीय महसुलाचा वाटा आणि प्रतिनिधिगृहातील जागा ठरविताना लोकसंख्या धरली जाते. तेव्हा वाद होणारच. १९६२ व १९७३ च्या गणना तर रद्दच कराव्या लागल्या. राजधानी १९९१ मध्ये अबुजास गेली, तरी लागोसची वाढ थांबली नाही. २००६ मध्ये धर्म व वंश विचारलेच नव्हते. परप्रांतात राहून मातृभाषेचा रकाना जपून भरणाऱ्या आम्हांस हे मौन समजते. त्यानंतर तेथे शिरगणती झालेली नाही; २०२३ ची योजिलेली गणनाही लांबणीवर पडली.