दतिया गेट आणि झाशीचं 'जर-तर'

इतिहासातल्या जर-तरचा नाद असेल तर झाशीत दतिया गेटपाशी थांबाच. हा दरवाजा ज्या दतियाच्या नावाचा, त्या संस्थानात ईस्ट इंडिया कंपनीने दत्तक वारस मान्य केला होता!

२० नोव्हेंबर १८५३ ला झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकरांनी कंपनीच्या मेजर एलिससमक्ष छोट्या आनंदरावाला दत्तक घेतलं, नाव ठेवलं दामोदरराव. दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव गेले. राणीसाहेब लक्ष्मीबाईंनी कलकत्त्याला धाडलेल्या खलित्यात दतिया, ओरछाचे दाखलेच दिले. गव्हर्नर जनरल डलहौसीचं म्हणणं, ती राज्यं वेगळी. झाशी मूळची पेशव्यांच्या सुभेदारांची, सबब आमच्या मर्जीतली. निव्वळ पळवाट! १८५४ मध्ये राज्य खालसा.

१८५७ च्या उठावात राणीसाहेब इंग्रजांशी लढल्या आणि १८५८ मध्ये ग्वाल्हेरला पडल्या. दामोदरराव, ते पोर, रानोमाळ भटकलं आणि १८६० मध्ये इंग्रजांच्या नजरेखाली इंदुरात येऊन राहिलं. सालीना दहा हजारांची पेन्शन मिळाली, झाशी मात्र सुटली ती सुटलीच.

आणि १८६२ मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगने काय करावं? संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या! हेच आठ वर्षं आधी सुचतं, तर माझ्या मते नेवाळकरांची झाशी १९४७ पर्यंत टिकती. दामोदरराव १९०६ मध्ये इंदुरातच वारले.

तुमचं 'तर' काय म्हणतं? जरूर सांगा.