डिजिटल कुलूप आणि अध्यापकाचा हक्क

प्रस्तावना : चित्रफितीची प्रत काढली की दर्जा खालावत असे, डिजिटल प्रत मात्र मुळाबरहुकूम निघते. म्हणून ब्लू-रे व एचडी-डीव्हीडी तबकड्यांसाठी 'एएसीएस' ही संरक्षक प्रणाली योजण्यात आली. तीत आशय सांकेतिक स्वरूपात बंदिस्त असतो व तो उलगडण्याची किल्ली परवानाधारक प्लेअरमध्येच असते.

विवेचन : या प्रणालीचे अंतिम स्वरूप वेळेत निश्चित झाले नाही. हे कारण देऊन सोनी कंपनीने मार्च २००६ मध्ये 'प्लेस्टेशन ३' या गेम कन्सोलचे आगमन नोव्हेंबर २००६ पर्यंत लांबणीवर टाकले. तथापि किल्ली असलेला प्लेअर ग्राहकाच्याच हाती असतो. फेब्रुवारी २००७ पर्यंत अशा किल्ल्या शोधून उघड करण्यात आल्या. प्रामाणिक ग्राहक खोळंबला. नक्कल मात्र थांबली नाही.

आपल्याकडे कायद्याचा मार्गही अवलंबिला गेला. महाराष्ट्राने २००९ मध्ये 'व्हिडिओ पायरेट' हा वर्ग १९८१ च्या स्थानबद्धताविषयक कायद्यात समाविष्ट केला. २०१२ च्या दुरुस्तीने केंद्रीय कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले. त्यानुसार हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक उपाय निष्प्रभ करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. मात्र कायद्याने निषिद्ध न ठरविलेल्या प्रयोजनास तेथे मुभा आहे. आणि अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने केलेली पुनर्निर्मिती कलम ५२ अन्वये हक्कभंग ठरत नाही.

निष्कर्ष : पाचोऱ्यातील प्राध्यापकाने वर्गासाठी एखादे दृश्य घेतले, तरी कुलूप त्यास नक्कलखोरच समजते. कुलपाला हेतू कळत नाही; कायद्याला तो विचारात घ्यावा लागतो. हा भेद अध्यापकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.