घणाचा घाव आणि तेलाचा दाब

मृग तोंडावर आला की वऱ्हाडातल्या लोहाराच्या भात्याला उसंत नसते. वखराच्या पासा, विळे, खुरपी, कुऱ्हाडी, सुऱ्या, सगळ्यांना एकाच वेळी शेवटून हवे असते. सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यात असलेल्या हिवरखेडसारख्या गावात हे काम आजही ओळखीचे आहे. एकजण सांडशीने तापलेला तुकडा ऐरणीवर धरतो, दुसरा घण घालतो. गाडी लोहारांच्या पालावर हा घण पुष्कळदा घरातली बाईच घालते. पण दिवसभर घण घालायला तयार असलेला माणूस मिळणे आता कठीण झाले आहे, आणि ज्याने वीस-पंचवीस वर्षे घण घातला त्याचा खांदा काय म्हणतो ते त्यालाच विचारावे. म्हणून प्रश्न निघतो: घणाऐवजी हायड्रॉलिक प्रेस बसवली तर? विकत घ्यावी की गावातल्या वेल्डरकडून बनवून घ्यावी? आणि किती टनांची?

या प्रश्नाचे उत्तर पास्कलचा नियम शिकलेल्या विद्यार्थ्यांना काढता येते. त्यासाठी आवश्यक यंत्रही वऱ्हाडाला परके नाही. आपल्याकडे ‘प्रेस’ म्हटले की कापसाच्या गाठी बांधणारी प्रेसच डोळ्यांपुढे येते. अकोट, अकोला, खामगाव या बाजारपेठा जिनिंग-प्रेसिंगवरच वाढल्या. सरकी काढलेली भुसभुशीत रुई दाबून तिची १७० किलोची घट्ट गाठ करणारे यंत्र आणि तापलेले पोलाद दाबणारे यंत्र यांचे तत्त्व एकच आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. पास्कलने सतराव्या शतकात सांगितलेल्या या तत्त्वावर जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये दाबयंत्राचे पेटंट घेतले. ब्रामा मुळात कुलपांसाठी प्रसिद्ध होता.

वर्गात हे दाखवायला एक लहान आणि एक मोठी अशा सुया काढलेल्या दोन सिरिंज, सलाईनची नळी आणि पाणी पुरते. लहान सिरिंजच्या दट्ट्याचा व्यास मोठीच्या निम्मा असेल तर क्षेत्रफळ चौथाई भरते. म्हणजे लहान दट्ट्यावर १ किलो वजन ठेवले तर मोठा दट्ट्या सुमारे ४ किलो तोलेल (घर्षणाने थोडे कमी भरेल). मात्र लहान दट्ट्या ४ सेंटिमीटर सरकला की मोठा १ सेंटिमीटरच सरकतो. विद्यार्थी पहिली गोष्ट लक्षात ठेवतात आणि दुसरी विसरतात. प्रेस विकत घेणारेही बहुधा तेच करतात.

आता आकडे मांडू. सिलिंडरचा आतला व्यास १२.५ सेंटिमीटर धरला तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १२३ चौरस सेंटिमीटर येते. पंपाने तेलावर दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो दाब दिला तर दट्ट्या सुमारे साडेचोवीस टन बलाने खाली येईल. (इथे टन म्हणजे टन-बल, साधारण १०,००० न्यूटन.) एवढे बल पुरेल का, हे मात्र यंत्राकडे पाहून कळत नाही. त्यासाठी साच्याखाली काय ठेवले आहे ते पाहावे लागते.

ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद नारिंगी रंगावर, म्हणजे १००० ते ११०० अंश सेल्सिअसला, दर चौरस सेंटिमीटरला साधारण १००० किलो दाब पडला की मऊ मेणासारखे वाहू लागते. पट्टी ३ सेंटिमीटर आणि साचा ४ सेंटिमीटर रुंद असेल तर दाबले जाणारे क्षेत्रफळ १२ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे १२ टन बल लागते. पण पट्टी पातळ होत जाते तसे घर्षण आडवे येते. कणकेचा गोळा दोन ताटांमध्ये दाबून पाहा. आधी तो सहज पसरतो, पातळ झाला की हटतो. पोलादाचेही तसेच होते. त्यामुळे गरज दीडपट-दुप्पट होते, म्हणजे १८ ते २४ टन. त्यातच पट्टी ८०० अंशांवर उतरली तर तिचा विरोध साधारण दुप्पट होतो आणि आपली साडेचोवीस टनांची प्रेस नुसती कण्हत राहते.

कापसाच्या प्रेसशी तुलना करण्यासारखी आहे. समजा तिचे बल २०० टन आहे आणि गाठीचा पृष्ठभाग १०० गुणिले ५० सेंटिमीटर. दाब भरतो दर चौरस सेंटिमीटरला फक्त ४० किलो. यंत्र आठपट मोठे, आणि मालावरचा दाब पंचविसाव्या हिश्शाहून कमी! म्हणूनच नुसते ‘किती टन?’ विचारून भागत नाही, ‘किती जागेवर?’ हेही विचारावे लागते. साचा रुंद असेल तर अरुंद घ्यावा; तेच यंत्र जास्त दाब देईल.

मग घण कसा पुरतो? ४ किलोचा घण सेकंदाला ७ मीटर वेगाने आदळला तर त्याची गतिज ऊर्जा ९८ ज्यूल होते. तापलेल्या लोखंडात २ मिलिमीटर रुतून तो थांबला तर सरासरी बल ४९,००० न्यूटन, म्हणजे जवळपास ५ टन! क्षणभर का होईना, माणूस ५ टनांचे यंत्र होतो. प्रेस २० टन बलाने ५ मिलिमीटर दाबते तेव्हा १,००० ज्यूल कार्य होते. हे दहा घावांइतके झाले, आणि तेही आवाज न करता.

फरक नुसत्या बेरजेचा नाही. दोन रंगांच्या मातीच्या चकत्या एकावर एक रचून दोन उंच गोळे करा. एकाला हलक्या हातोडीने पुष्कळ ठोके द्या, दुसरा फळीखाली सावकाश दाबा. मग सुरीने उभे कापा. ठोकलेल्याचा वरचा भाग छत्रीसारखा पसरलेला दिसेल, दाबलेला मधोमध फुगलेला असेल. हलका घाव पृष्ठभागाजवळ खर्च होतो, सावकाश दाब आतपर्यंत पोचतो. जाड तुकडा लांबवायचा असेल, पोलादाचे थर एकमेकांत जोडायचे असतील किंवा कुऱ्हाडीत दांड्यासाठी भोक पाडायचे असेल, तिथे प्रेस खरोखर कामाची आहे.

उलट बाजूही आहे. घणाचा स्पर्श सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता असतो. प्रेसचा थंड साचा तापलेल्या पट्टीला सेकंद-दोन सेकंद चिकटून राहतो आणि तिची उष्णता ओढून घेतो. म्हणून वेग हवा. वीस टनांचा हातजॅक चौकटीत बसवून स्वस्तात प्रेस करायची कल्पना पुष्कळांना सुचते. पण हँडलच्या एका झटक्याने जॅकचा दट्ट्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर सरकतो. पातळ पट्टी भट्टीबाहेर काढल्यावर कामाचे सेकंद फार तर पंधरा-वीस. टन आहेत, वेळ नाही.

वेगाची किंमत शक्तीत मोजावी लागते. २४,५०० किलो बल सेकंदाला २.५ सेंटिमीटर सरकवायचे तर शक्ती होते सेकंदाला सुमारे ६१३ किलोग्रॅम-मीटर. ७५ ने भागले की ८ अश्वशक्तीच्या वर. गळती-घर्षण धरून १० अश्वशक्तीची मोटर लागेल, तीही थ्री फेज. खेड्यात थ्री फेज वीज पुष्कळदा ठरावीक तासच असते, तेव्हा भट्टी पेटवायची वेळही त्यावरून ठरवावी लागेल. ५ अश्वशक्तीची मोटर घेतली तर वेग निम्मा होईल. मधला मार्ग दोन टप्प्यांच्या पंपाचा आहे. पट्टीला टेकेपर्यंत तो कमी दाबाने भराभर तेल ढकलतो, टेकल्यावर थोडे तेल जास्त दाबाने. माझ्या मते लहान कारखान्याला हाच घ्यावा.

चौकटीबाबत काटकसर करू नये. समोरून उघडी, इंग्रजी ‘सी’च्या आकाराची चौकट वापरायला सोयीची, पण २५ टन बल खांबापासून २० सेंटिमीटरवर लागले तर ५ टन-मीटरचे आघूर्ण चौकट उघडू पाहते. दोन्ही बाजूंना खांब असतील तर प्रत्येकाला साडेबारा टनांचा सरळ ताण येतो, आणि पोलाद सरळ ताण चांगला सोसते. बिडाचे भाग वापरू नयेत. बीड सूचना न देता तुटते. सिलिंडर वर बसवावा, म्हणजे गळून पडणारी खपली दट्ट्याच्या दांड्यावर जमत नाही. ही खपली घणाच्या घावाने उडून जाते. प्रेस मात्र ती पात्यात दाबून बसवते. म्हणून प्रत्येक वेळी तारेच्या ब्रशने पट्टी झाडून घ्यावी. साच्याच्या दोन्ही बाजूंना हव्या त्या जाडीचे ठोकळे ठेवले की पट्टी त्याखाली जात नाही.

प्रेस आकार देते, धार टिकवण्याचा गुण देत नाही. तो ‘पाणी देण्या’तून येतो, आणि तिथे लोहाराचा डोळाच लागतो. पात्याचा शेवटचा, तीनेक मिलिमीटरचा भागही ऐरणीवरच उतरवावा. प्रेसखाली तो लगेच थंड पडतो. ज्याचे काम मुख्यतः विळ्या-खुरप्यांचे आहे त्याने प्रेसपेक्षा पट्ट्यावर चालणाऱ्या यांत्रिक हातोड्याचा विचार करावा. कुऱ्हाडी आणि जाड सुऱ्या करणाऱ्याला प्रेस परवडेल.

दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तेल टाकीत परत सोडणारी सुरक्षा झडप प्रत्येक प्रेसवर हवीच, आणि ती आवळून ‘ताकद वाढवण्याचा’ मोह कोणी करू नये. तेलाचे पाइप भट्टीच्या बाजूने नेऊ नयेत. बारीक फवारा विस्तवावर गेला तर भडका होतो. गळती बोटाने चाचपडू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधावी. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारे तेल कातडी भेदून आत शिरते. जखम डास चावल्यासारखी दिसते, फारशी दुखतही नाही, पण काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशा वेळी मलम लावून बसू नये, लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना दाबाचे तेल शिरले आहे हे स्पष्ट सांगावे.