टेबलावर चालते, बांधावर अडते

यंत्राची परीक्षा दोनदा होत असते. एकदा ते बनविणाऱ्याच्या कारखान्यात आणि दुसऱ्यांदा ते वापरणाऱ्याच्या हाती. पहिल्या परीक्षेत प्रश्न काढणारा, उत्तर देणारा आणि गुण देणारा हे तिघेही एकाच घरचे असल्यामुळे निकाल बहुधा चांगला लागतो. दुसरी परीक्षा मात्र कठीण. तेथे ऊन असते, धूळ असते, घाई असते, आणि यंत्र कसे वापरावे हे पुस्तक वाचून न आलेला माणूस असतो. दुकानात झकास पाणी फेकणारा पंप विहिरीवर बसविल्यावर का कुरकुरतो, हे खानदेशातल्या श्रोत्यांना आम्ही सांगावे असे नाही. वीज कमीजास्त होते, पाणी खोल जाते, गाळ येतो. पंप तोच असतो. परिस्थिती ती नसते.

मोबाइल फोनवरील ॲपांचे नेमके असेच आहे. ॲप म्हणजे फोनला दिलेल्या आज्ञांची एक लांबलचक यादी. ती लिहिणारा पुण्यात किंवा बंगळूरमध्ये बसलेला असतो. त्याच्या टेबलावर ती बिनचूक चालते. रावेरच्या केळीच्या बागेत किंवा साक्रीच्या माळावर मात्र अडते. असे का होते, आणि असला दोष शोधावा तरी कसा, हा आमचा आजचा विषय आहे.

विषय तांत्रिक आहे, पण त्याचा संबंध आपल्या सातबाऱ्याशी आहे. पूर्वी पिकांची नोंद तलाठी करीत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या शेतातील पीक आपणच, छायाचित्रासह, मोबाइलवरून नोंदविण्याचे काम शेतकऱ्याकडे आले. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश घातले गेले. त्यामुळे छायाचित्र गटापासून किती अंतरावर काढले हे ॲपला कळू लागले. कल्पना चांगली, यात शंका नाही. परंतु नोंदीवर पैसे अवलंबून राहू लागले की नोंद अडणे ही नुसती गैरसोय राहत नाही. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे २०२४ मध्ये ठरले, तेव्हा प्रथम ई-पीक नोंदीचीच अट होती. ज्यांनी कापूस पिकविला पण ज्यांची नोंद झाली नव्हती, त्यांचे काय, हा प्रश्न उभा राहिला आणि पुढे ती अट शिथिल करावी लागली. जळगाव-धुळ्यासारख्या कापसाच्या मुलखात या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पुढे आम्ही जे दोष सांगणार आहोत ते अमुक एका ॲपात होतेच, असे आमचे म्हणणे नाही. फोनवर चालणाऱ्या कोणत्याही ॲपात ते संभवतात, म्हणून ते समजून घ्यावयाचे.

इंग्रजीत अशा दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-२ या गणनयंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तो तेथील मंडळींनी वहीत चिकटवून ठेवला आणि खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशी गमतीची नोंद केली. गमतीची अशासाठी, की यंत्राच्या दोषाला किडा म्हणण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. एडिसन १८७८ मध्येच हा शब्द वापरीत होता. आम्हांला मात्र येथे आठवते ती गुलाबी बोंडअळी. बोंड बाहेरून हिरवेगार, टवटवीत दिसते. फोडल्यावाचून आत काय चालले आहे ते कळत नाही. ॲपाचा किडाही याच जातीचा. पडद्यावर सर्व ठाकठीक दिसते आणि आत नासधूस झालेली असते.

आता पहिला प्रश्न. लिहिणाऱ्याच्या टेबलावर हा दोष का दिसत नाही? कारण पुष्कळदा तो ॲप खऱ्या फोनवर चालवीतच नाही. संगणकाच्या पडद्यावर एक आभासी फोन उभा करता येतो. दिसायला फोन, वागायलाही फोन, पण त्याच्या मागे सारी शक्ती संगणकाची. त्याला बॅटरी संपण्याची भीती नाही, ऊन लागत नाही, रेंज जात नाही, स्मृती अपुरी पडत नाही. नाटकाच्या तालमीसारखे हे आहे. तालीम आवश्यकच; पण तालमीत प्रेक्षक खोकत नाहीत आणि दिवे जात नाहीत. शिवाय फोन काही एका प्रकारचे नसतात. ओपनसिग्नल या कंपनीने २०१५ मध्ये आपले ॲप घेणाऱ्या फोनांची मोजदाद केली, तेव्हा अँड्रॉइड फोनांचे २४,०९३ वेगवेगळे नमुने आढळले. इतके फोन कोणाच्याही टेबलावर मावणार नाहीत.

आता दोषांची काही उदाहरणे घेऊ.

पहिला दोष स्मृतीचा. शेतकरी गट क्रमांक भरतो, पीक निवडतो, क्षेत्र लिहितो आणि छायाचित्राची कळ दाबतो. कॅमेरा उघडतो, चित्र निघते, आणि परत येऊन पाहावे तो भरलेला सर्व तक्ता कोरा! झाले असे, की कॅमेऱ्याला पुष्कळ स्मृती लागते. फोन स्वस्त असेल तर दोघांना पुरेल इतकी जागा त्याच्यापाशी नसते. मग फोनची कार्यप्रणाली मागे पडलेल्या ॲपाला गुपचूप बंद करते आणि परतताना नव्याने उघडते. बाहेर जाण्यापूर्वी भरलेली माहिती जपून ठेवण्याची आज्ञा लिहिणाऱ्याने दिली नसेल, तर ती गेलीच. लिहिणाऱ्याच्या महागड्या फोनात जागा भरपूर, म्हणून हा प्रसंग त्याच्यावर कधी येतच नाही. अपुऱ्या फोनांचा प्रश्न काल्पनिक नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले. त्यांच्या तक्रारींत फोनची २ जीबी स्मृती कामाला पुरत नाही, ही एक मुख्य तक्रार होती.

दुसरा दोष जागेचा. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. आपण कोठे आहोत हे काढण्यास फोनला निदान चार उपग्रहांचे संदेश लागतात. रेंज नसेल तर जीपीएस चालत नाही, हा समज चुकीचा आहे; उपग्रहाला मोबाइलच्या मनोऱ्याशी काही कर्तव्य नाही. पण या समजाच्या मागे एक सत्य दडलेले आहे. प्रत्येक उपग्रह आपला स्वतःचा ठावठिकाणा दर ३० सेकंदांनी पुनःपुन्हा सांगत असतो. रेंज असली तर ही माहिती फोन इंटरनेटवरून क्षणात मागवून घेतो. रेंज नसली तर ती आकाशातूनच, सावकाश ऐकावी लागते. आणि केळीच्या दाट पानांखाली ऐकताना मध्येच खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. शहरात बसलेल्या लेखकाच्या फोनला जागा दोन सेकंदांत सापडते, म्हणून तो आज्ञा लिहितो की दहा सेकंदांत जागा न मिळाल्यास 'स्थान सापडले नाही' असे सांगावे. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-चोपड्याकडे किंवा शिरपूरच्या वरच्या अंगाला रेंज नसलेल्या शेतात, ते दहा सेकंद कसे पुरावेत?

यातच आणखी एक मेख आहे. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या १२ व्या आवृत्तीपासून फोन मालकाला विचारतो, की ॲपाला तुमची नेमकी जागा सांगू की अंदाजे? 'अंदाजे' निवडले तर ॲपाला सुमारे ३ चौरस किलोमीटरचा टापू कळतो, म्हणजे जवळजवळ ३०० हेक्टर. शेत एक हेक्टरचे. मग आपल्याच बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ॲपाने 'तुम्ही शेतापासून दूर आहात' म्हणून बजावले, तर दोष ना शेतकऱ्याचा, ना उपग्रहाचा.

तिसरा दोष खास आपला, मराठी माणसाचा आहे. फोनची भाषा इंग्रजी ठेवली तर ॲप चालते, हिंदी ठेवली तरी चालते, आणि मराठी ठेवली की अडते. असे का व्हावे? कोणत्या भाषेत तारखा व अंक कसे लिहावेत याचा एक आंतरराष्ट्रीय संकेतकोश फोनात असतो. त्यात हिंदीसाठी 0, 1, 2 हे अंक मूळचे धरले आहेत. मराठीसाठी मात्र ०, १, २ हेच. म्हणून भाषेचा विचार न करता लिहिलेली आज्ञा मराठी फोनवर क्षेत्र '०.८०' असे लिहून पाठविते. दूरच्या मुख्य संगणकाला 0.80 अपेक्षित असते. त्याला देवनागरी अंक ओळखता आले नाहीत, तर तो नोंद नाकारतो. लिहिणारा स्वतः मराठी असला तरी त्याच्या फोनची भाषा बहुधा इंग्रजी, त्यामुळे वर्षभर शोधूनही त्याला हा दोष सापडणार नाही. उपाय मात्र एका ओळीचा आहे: पडद्यावर मराठी अंक दाखवा, पण पाठविताना भाषा निश्चित करून पाठवा.

उरलेले दोष थोडक्यात सांगतो. फोनची तारीख चुकलेली असेल, तर सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र मुदतबाह्य वाटून फोन जोडणीच करीत नाही, आणि पडद्यावर मात्र 'सर्व्हर उपलब्ध नाही' असे दिसते. उन्हाचेही तसेच. आयफोनचे उत्पादक ० ते ३५ अंश ही वापराची मर्यादा सांगतात. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४५ च्या आसपास जातो. तापलेला फोन स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती कमी करतो. आणि पडद्याला स्पर्श करूनही पाच सेकंदांत ॲपाने दाद दिली नाही, तर अँड्रॉइड 'ॲप प्रतिसाद देत नाही' असे जाहीर करतो. गल्ल्यावरचा माणूसच माल आणायला गोदामात गेला, तर गिऱ्हाइकाला उत्तर कोण देणार? जड काम मागच्या नोकराकडे सोपवून गल्ला मोकळा ठेवावा, हा दुकानदारीचा नियम येथेही लागू आहे.

मग दोष शोधावयाचा कसा? येथे आम्हांला धुळ्याच्या एका थोर परंपरेची आठवण होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि ऐकीव बखरींपेक्षा अस्सल समकालीन कागदावर भर दिला. त्यांच्या निधनानंतर, १९२७ मध्ये, धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. फोनच्या दोषसंशोधनातही हीच शिस्त आहे. 'ॲप चालत नाही' ही झाली बखर. अस्सल कागद म्हणजे फोनने स्वतः क्षणाक्षणाला लिहिलेली रोजनिशी. तिला लॉग म्हणतात. कोणत्या क्षणी कोणती आज्ञा चालू होती, स्मृती किती उरली होती, कोणी कोणाला बंद केले, हे तीत असते. फोन तारेने संगणकाला जोडून ती वाचता येते. दूरच्या फोनांवरूनही, मालकाच्या संमतीने, बंद पडण्याचा अहवाल मागविता येतो.

कागद मिळाला की तीन पायऱ्या. पहिली, दोष पुन्हा घडवून आणणे. ज्याला दोष हुकमी घडविता येतो त्याने अर्धी लढाई जिंकली. स्मृतीचा दोष पाहावयाचा असेल, तर मागे पडलेले ॲप ताबडतोब बंद करावे अशी सोय अँड्रॉइडमध्ये लेखकांसाठी मुद्दाम ठेवलेली आहे. ती चालू करताच महागड्या फोनवरही तक्ता कोरा होतो. दुसरी, एका वेळी एकच गोष्ट बदलणे. भाषा, रेंज आणि फोन हे तिन्ही एकदम बदलले, तर गुण कशाने आला ते कळत नाही. वैद्याने एकाच दिवशी तीन औषधे दिली तर कळत नाही, तसेच. तिसरी, दुरुस्ती झाल्यावर ती जेथे दोष दिसला त्याच फोनवर, त्याच परिस्थितीत तपासणे. टेबलावर दोष गेला म्हणजे बांधावरून गेला असे होत नाही.

या कामात आपल्यालाही वाटा उचलता येईल. तक्रार करताना फोनचा नमुना, अँड्रॉइडची व ॲपाची आवृत्ती, फोनची भाषा, वेळ, ठिकाण आणि पडद्यावरील संदेशाचे नेमके शब्द लिहून ठेवावेत. जमल्यास पडद्याचे चित्र घ्यावे. आणि एक गोष्ट अगदी कटाक्षाने टाळावी. ॲप अडले की कोणीतरी सांगतो, काढून टाका आणि पुन्हा घ्या. रेंज नसताना भरलेली, अजून वर न पोहोचलेली नोंद फोनमध्येच साठलेली असेल, तर ॲप काढल्याबरोबर तीही जाते, आणि तिच्याबरोबर दोषाचा पुरावाही. आधी रेंजमध्ये जाऊन नोंद पोहोचवावी, मग काय ते करावे.

पण मोठी जबाबदारी बनविणाऱ्यांचीच. गावोगाव जे फोन खरोखर वापरले जातात त्यांतले जुने, स्वस्त फोन त्यांनी जवळ बाळगावेत. भाषा मराठी ठेवून, रेंज बंद करून, बॅटरी उतरवून ॲप चालवून पाहावे. नवी आवृत्ती एकदम साऱ्यांना न देता प्रथम थोड्यांना द्यावी, म्हणजे किडा लवकर दिसतो व नुकसान थोडक्यात राहते. आणि वर्षातून एकदा तरी त्यांनी हंगामात बांधावर येऊन उभे राहावे. ॲप अडले तर दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा, असे समजणे सोपे आहे. पण बहुतेक वेळा तो परिस्थितीचा विचार न केल्याचा दोष असतो. पेरलेले पीक शेतात उभे असताना कागदावर ते नाही म्हणून त्याचा हक्क जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे, आणि ती पुरी करणे आजच्या शास्त्राच्या आवाक्याबाहेरचे नाही.