मुरुमांसाठी कुटुंब नियोजनाची गोळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती



वार्षिक अहवालातील आकडेवारीबरोबर एका आरोग्यविषयाची सविस्तर माहिती द्यावी, ही प्रथा आपल्या रुग्णालयाने आजवर जपली आहे. यंदाचा विषय निवडताना मनात थोडा संकोच होता, हे प्रांजळपणे नमूद करतो. परंतु ज्या विषयाचा संकोच वाटतो त्याचीच माहिती लोकांपर्यंत पोहोचत नाही, आणि त्याचे मोल रुग्णाला द्यावे लागते, असा अनुभव आल्यामुळे हा लेख देत आहोत. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. म्हणून लेखातील वैद्यकीय भाग आपल्या त्वचारोग व स्त्रीरोग विभागांतील डॉक्टरांकडून समजून घेऊन मगच लिहिला आहे.

आमच्या खिडकीवर घडलेली चूक

काही वर्षांपूर्वी त्वचारोग विभागात २१ वर्षांची एक विद्यार्थिनी आईसह आली होती. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने खोल, दुखणारी मुरुमे होती. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ती वाढत. पाळीही अनियमित होती. मलमे आणि प्रतिजैविक गोळ्या यांचा उपचार पुरेसा काळ करूनही आराम पडला नव्हता. डॉक्टरांनी स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेऊन संप्रेरकांची संयुक्त गोळी, म्हणजे ज्या गोळीला आपण कुटुंब नियोजनाची गोळी म्हणतो ती, लिहून दिली.

औषधांच्या खिडकीवर गर्दीची वेळ होती. कर्मचाऱ्याने चिठ्ठी वाचली आणि सहज, पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "ही तर पाळणा लांबवायची गोळी. मुलीचं लग्न झालंय का?" आईने उत्तर दिले नाही. केसपेपर घेऊन दोघी निघून गेल्या.

सुमारे वर्षभराने ती मुलगी पुन्हा आली. मधल्या काळात शेजारणीने सुचविलेले एक क्रीम ती रोज लावत होती. त्यात स्टेरॉइड होते. चेहऱ्याची त्वचा पातळ व लाल झाली होती, उन्हात जळजळ होत होती, मुरुमे वाढली होती आणि गालावर कायमचे खड्डे पडले होते. डॉक्टरांची चिठ्ठी योग्य होती. चूक आमच्या खिडकीवर झाली होती, आणि त्याही आधी ती तपासणीच्या खोलीत झाली होती. कारण ही गोळी कशासाठी दिली आहे, हे त्या मायलेकींना कोणी नीट सांगितलेच नव्हते.

मुरुमे का येतात?

मुरुमे म्हणजे तारुण्यपिटिका. आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी तेलग्रंथी असतात. त्या किती तेल निर्माण करतात, हे प्रामुख्याने पुरुषी संप्रेरकांवर अवलंबून असते. नाव पुरुषी असले तरी ही संप्रेरके स्त्रियांच्या शरीरातही अल्प प्रमाणात असतात; बीजांडकोश आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ती तयार करतात. तेल वाढले, मृत पेशींनी छिद्राचे तोंड बंद झाले आणि तेथील जंतूंची वाढ झाली की दाह होऊन पुटकुळी तयार होते. चेहरा अस्वच्छ ठेवल्याने मुरुमे येतात हा समज खरा नाही. उलट वारंवार साबण लावून घासल्याने त्वचेचा त्रास वाढतो.

अनेक स्त्रियांच्या रक्तात पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण तपासणीत अगदी योग्य आढळते. त्यांच्या तेलग्रंथीच त्याला अधिक संवेदनशील असतात. काहींच्या बाबतीत मात्र मुरुमांसोबत अनियमित पाळी, हनुवटीवर राठ केस किंवा वाढते वजन अशी लक्षणे दिसतात. तेव्हा बीजांडकोशांच्या पीसीओएस या विकाराची तपासणी करावी लागते. म्हणूनच अशा रुग्णांना त्वचारोग विभागातून स्त्रीरोग विभागाकडे पाठविले जाते.

गोळी नेमके काय करते?

संयुक्त गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरके असतात. त्यांचा मुरुमांवर दोन मार्गांनी परिणाम होतो. पहिला, बीजांडकोशाचे काम काही काळ विसावते आणि तेथे तयार होणारे पुरुषी संप्रेरक घटते. दुसरा, इस्ट्रोजेनमुळे यकृत एक विशिष्ट प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते. हे प्रथिन रक्तातील पुरुषी संप्रेरकाला धरून ठेवते. आमच्या व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर, गोठविलेल्या खात्यातील रक्कम वहीत दिसते, पण ती बाजारात खर्च करता येत नाही. तसे हे धरून ठेवलेले संप्रेरक तेलग्रंथींपर्यंत पोहोचून काम करू शकत नाही. तेल कमी होते आणि हळूहळू मुरुमेही कमी होतात. ड्रोस्पायरेनॉन किंवा सायप्रोटेरॉन यांसारखी काही प्रोजेस्टिने याशिवाय पुरुषी संप्रेरकाला थेट विरोध करतात.

हा उपचार कोणाच्या कल्पनेतून निघालेला नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रण प्रशासनाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मुरुमांवरील उपचार म्हणून अशा गोळ्यांना मान्यता देण्यास आरंभ केला आणि २००७ पर्यंत तीन प्रकारच्या गोळ्यांना ती मिळाली. मात्र ज्या स्त्रीला गर्भनिरोधनाचीही गरज आहे तिच्यासाठी ती असावी, अशी तेथील अट आहे; इतर रुग्णांच्या बाबतीत डॉक्टर स्वतःच्या निर्णयाने ती देतात. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. संयुक्त गोळ्यांनी मुरुमे कमी होतात आणि निरनिराळ्या गोळ्यांच्या गुणांत फारसा फरक आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही या उपचाराचा समावेश आहे.

नाव एका कामाचे, कामे अनेक

आपल्याकडे ही गोळी कुटुंब नियोजनाच्या मोहिमेतून घरोघरी पोहोचली, त्यामुळे तिला तेच नाव चिकटले. परंतु तिचा इतिहास पाहिला तर आश्चर्य वाटते. एनोव्हिड या पहिल्या गोळीला अमेरिकेत १९५७ साली जी मान्यता मिळाली ती पाळीच्या तक्रारींवरील औषध म्हणून. गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली ती १९६० साली. ॲस्पिरिन तापाला आणि दुखण्याला देतात आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्त पातळ राहावे म्हणूनही देतात. घरातील आजोबांच्या हाती ॲस्पिरिन पाहून त्यांना ताप आला आहे का, असे आपण विचारत नाही. तोच न्याय या गोळीलाही लावावा. अविवाहित मुलीच्या चिठ्ठीवर तिचे नाव दिसले म्हणून मुलीच्या वागणुकीविषयी कोणताही निष्कर्ष काढण्याचे कारण नाही.

आणखी एक भीती अनेक माता बोलून दाखवितात, ती म्हणजे पुढे मूल होण्यास अडचण येईल. गोळी बंद केल्यावर बीजांडकोशाचे काम पूर्ववत सुरू होते. गोळीमुळे वंध्यत्व येत नाही.

जोखमीचा हिशेब

प्रत्येक औषधाला जमेबरोबर खर्चाची बाजू असते. या गोळीची सर्वांत गंभीर जोखीम म्हणजे पायाच्या किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी होणे. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या फेरतपासणीनुसार, गोळी न घेणाऱ्या व गर्भवती नसलेल्या दर १०,००० स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे २ जणींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल किंवा नॉरजेस्टिमेट असलेल्या गोळ्यांमध्ये हे प्रमाण ५ ते ७ असते, तर ड्रोस्पायरेनॉन असलेल्या गोळ्यांमध्ये ९ ते १२. धोका पहिल्या वर्षी अधिक असतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर होणारा गुठळीचा धोका याहूनही जास्त आहे, हेही लक्षात ठेवावे.

सायप्रोटेरॉन असलेल्या गोळीसंबंधी फ्रान्सने २०१३ च्या आरंभी विक्री स्थगित करण्याचा निर्णय घेतला होता. त्यानंतर युरोपीय संस्थेने सर्व पुराव्यांची छाननी केली आणि मध्यम ते तीव्र मुरुमांसाठी, मलमे व प्रतिजैविके यांचा उपयोग झाला नसेल तरच, ती वापरावी असे ठरविले. निव्वळ गर्भनिरोधनासाठी ती देऊ नये, असेही स्पष्ट केले. औषध उपयुक्त असले तरी त्याची जागा आणि मर्यादा ठरलेली असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

गोळी कोणाला देऊ नये?

हा संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पुढीलपैकी काहीही असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे :

• स्वतःला पूर्वी रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला असणे, अथवा आईवडील, भावंडे यांपैकी कोणाला गुठळी झालेली असणे
• उच्च रक्तदाब
• डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन सुरू होणारी अर्धशिशी
• वय ३५ किंवा अधिक असून धूम्रपानाची सवय
• यकृताचा आजार किंवा चालू असलेली कावीळ
• स्तनाचा कर्करोग
• गर्भधारणेची शक्यता, किंवा बाळाला अंगावर पाजत असणे

यांखेरीज चालू औषधांची माहिती द्यावी. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि फिटसाठी दिली जाणारी काही औषधे गोळीचा परिणाम कमी करतात. रुग्ण क्षयरोगाची औषधे दुसऱ्या ठिकाणाहून घेत असेल तर ती बाब आमच्या केसपेपरवर आपोआप येत नाही. ती रुग्णानेच सांगावी लागते.

गोळी चालू असताना एका पायाच्या पोटरीला सूज व वेदना, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी किंवा दृष्टीत बिघाड असे काही जाणवल्यास पुढील तारखेची वाट न पाहता तातडीने रुग्णालयात यावे.

दिसायला सारख्या, कामाने वेगळ्या

गणपती, मंगळागौर किंवा घरचे कार्य आले की पाळी पुढे ढकलण्यासाठी गोळ्या घेण्याची रीत आपल्याकडे आहे. ती गोळी निराळी असून मुरुमांवरचा उपचार नव्हे. तसेच ७२ तासांच्या आत घ्यावयाची तातडीची गोळीही या कामाची नाही. केवळ प्रोजेस्टिन असलेल्या गोळ्या किंवा तीन महिन्यांनी घ्यावयाचे 'अंतरा' हे इंजेक्शन यांनी काही स्त्रियांची मुरुमे वाढू शकतात. आठवड्याने घ्यावयाची 'छाया' गोळी गर्भनिरोधक असली तरी तिच्यात ही संप्रेरके नसल्याने मुरुमांवर तिचा उपयोग नाही. सरकारी दवाखान्यातून विनामूल्य मिळणारी 'माला-एन' ही संयुक्त गोळी आहे. तिच्या पाकिटात संप्रेरकांच्या २१ आणि लोहाच्या ७ गोळ्या असतात. परंतु कोणाला कोणती संयुक्त गोळी योग्य, हे डॉक्टरांनीच ठरवावे. मैत्रिणीला जी लागू पडली तीच आपल्याला लागू पडेल असे नाही.

एक इशारा आवश्यक आहे. तीव्र मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाचे औषध दिले जाते. ते गर्भाला गंभीर इजा करते. त्यामुळे ते सुरू करण्यापूर्वी एक महिना, चालू असताना आणि थांबविल्यानंतर एक महिना गर्भधारणा होणार नाही याची खात्री असणे बंधनकारक मानले जाते.

किती दिवसांत गुण येतो?

पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, स्तनांत जडपणा, मधूनच थोडा रक्तस्राव होऊ शकतो. तो बहुधा आपोआप थांबतो. मुरुमांवरील परिणाम तीन महिन्यांनी दिसू लागतो आणि पूर्ण अंदाज सहा महिन्यांनी येतो. पहिल्या महिन्यात फरक नाही म्हणून गोळी सोडणाऱ्या रुग्णांची निराशा होते. बरोबरीने डॉक्टरांनी दिलेले मलम चालू ठेवावे लागते. गोळी बंद केल्यावर मुरुमे परत येऊ शकतात, आणि जुने खड्डे तिने भरून येत नाहीत. पीसीओएसच्या रुग्णांनी हेही ध्यानात घ्यावे की गोळीवर असताना येणारी नियमित पाळी म्हणजे मूळ विकार बरा झाल्याची खूण नव्हे.

आम्ही केलेले बदल

त्या प्रसंगानंतर डॉक्टर, परिचारिका व औषध विभाग यांची एकत्र बैठक घेतली. आता ही गोळी लिहून देताना तपासणीच्या खोलीतच तिचा उद्देश रुग्णाला सांगितला जातो आणि रुग्णाची इच्छा असेल तर आईलाही समजावून दिला जातो. वर दिलेले प्रश्न विचारून उत्तरे केसपेपरवर नोंदविली जातात. रक्तदाब मोजल्याखेरीज चिठ्ठी दिली जात नाही. खिडकीवर औषधाचे नाव मोठ्याने उच्चारले जात नाही. औषध बंद पाकिटात, मराठी माहितीपत्रकासह दिले जाते. तीन महिन्यांनंतरची तपासणीची तारीख त्याच दिवशी लिहून दिली जाते. रुग्णाच्या विवाहाविषयी विचारण्याचा अधिकार खिडकीवरील कोणालाही नाही, हे सर्व कर्मचाऱ्यांना लेखी कळविले आहे.

या अहवालाच्या शेवटी जमाखर्च पत्रक आहे. त्यात या बदलांसाठी वेगळे शीर्ष सापडणार नाही. पाकिटे आणि छपाई यांचा खर्च लेखनसामग्रीतच सामावला गेला. ती मुलगी मात्र पुढे नियमित उपचारास येत राहिली. आता मुरुमे आटोक्यात आहेत. गालावरचे खड्डे राहिले आहेत, आणि ते टाळता आले असते याची आम्हांस जाणीव आहे.

वाचकांना आमची विनंती एवढीच, की ही गोळी दुकानातून स्वतःच्या मनाने घेऊ नये, आणि डॉक्टरांनी विचारपूर्वक दिली असेल तर केवळ तिच्या नावामुळे ती नाकारू नये. मनात शंका असेल तर विचारावी. आपल्या रुग्णालयात त्या शंकेचे उत्तर बंद दाराआड आणि आदराने दिले जाईल.

– प्रशासकीय अधिकारी