उपकारस्तुती आणि तृप्ती

इसवी सनाच्या पहिल्या शतकात बंदिवासातून फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (४.११) पौल आपल्या तृप्तीसाठी ‘आउतार्केस’ हा शब्द योजतो. स्टोइक तत्त्वज्ञांच्या परिभाषेत त्याचा अर्थ स्वयंपूर्ण, परावलंबन नसलेला, असा होता. पौलाने शब्द तोच ठेविला, परंतु आशय पालटला. कारण मित्रांनी धाडलेल्या साहाय्याची पोच देतानाच तो हे लिहितो, आणि आपले सामर्थ्य ख्रिस्तापासून लाभते असे लगेच सांगतो. शिवाय ही तृप्ती स्वभावसिद्ध नसून आपण ती शिकलो, अशी त्याची कबुली आहे.

ती शिकण्याचे साधन कोणते? थेस्सलनीकाकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्रातील (५.१८) ‘एउखारिस्तेइन’ हे क्रियापद येथे उपयोगी पडते. त्यात ‘खारिस’, म्हणजे कृपा, हा शब्द अंतर्भूत आहे. मराठी बायबलात त्यासाठी ‘उपकारस्तुती’ हा समास रूढ झाला. ‘आभार’ या शब्दात भाराची जाणीव उरते. ‘उपकारस्तुती’त उपकार हा ओझे न ठरता स्तुतीचा विषय होतो. त्याच वचनातील ‘एन’ हे अव्यय अधिकरणवाचक आहे: ‘सर्व गोष्टींबद्दल’ नव्हे, तर ‘सर्व गोष्टींमध्ये’. म्हणून दुःखाला सुख म्हणावे, वा अन्याय मुकाट्याने सोसावा, असा अर्थ त्यातून निघत नाही.

भोजनापूर्वीची प्रार्थना हा या अभ्यासाचा नित्यपाठ होय. भाकर स्वकष्टाची असली तरी ती लाभलेली आहे, हे ती प्रार्थना रोज वदविते. येथे संतोष उपजतो तो इच्छांच्या लोपातून नव्हे, तर दात्याच्या स्मरणातून.