पडवीतली गाडी आणि कोरी सही

आमच्या बचत गटाची बैठक संपली, की चहा पिऊन बायका भराभर घरी पळतात. त्या दिवशी मात्र गुरुजींच्या वहिनी मागे रेंगाळल्या. गुरुजींना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, “ताई, एक विचारायचं होतं. ह्यांची मोटरसायकल पडवीत पडून आहे. भाऊजींनी गिऱ्हाईक आणलंय. पंधरा हजार देतो म्हणतो. उद्या येणार आहे. मी नुसती सही करायची.”

“कशावर सही?”

“फॉर्म आहे. कोराच आहे, पुढचं तो भरून घेणार म्हणे.”

कोऱ्या फॉर्मचं नाव काढलं आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही आमची जुनी स्कूटर अशीच विकली. गाडी माझ्या नावावर होती. सहा हजार रुपये हातात आले, मी फॉर्मवर सही केली आणि विसरून गेले. तीन वर्षांनी दारात पोलीस उभे! त्या स्कूटरने दुसऱ्या तालुक्यात एका सायकलवाल्याला उडवलं होतं. चालवणारा भलताच, पण कागदोपत्री मालकीण मी. घेणाऱ्याने गाडी नावावर करून घेतलीच नव्हती. विमाही भरला नव्हता. त्यापायी कोर्टाच्या ज्या फेऱ्या झाल्या, त्यात सहा हजार कधीच संपले, वर घरातले गेले. मी बी.ए. झालेली बाई, पण सही करताना फॉर्म वाचला नाही. तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे, कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही.

वहिनींना म्हटलं, “उद्या त्याला थांबवा. मी सकाळी येते.”

सकाळी निघाले तर कॉलेजात जाणारा माझा लेकही बरोबर आला. पडवीत सरपणाशेजारी ताडपत्री टाकलेली होती. ती बाजूला केली मात्र, लेक ओरडलाच, “आई, ही तर आरएक्स १०० आहे! आणि पंधरा हजार?”

मला तर ती नेहमीसारखी जुनी मोटरसायकल दिसत होती. टाकीवर धूळ, आरशावर कोळिष्टकं, सीटमध्ये उंदराने केलेलं भोक. पण लेकाने सांगायला सुरुवात केली आणि आम्ही दोघी ऐकतच राहिलो.

यामाहा या जपानी कंपनीची ही गाडी. आपल्याकडे एस्कॉर्ट्‌सच्या सहकार्याने ती १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. इंजिन अवघं ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्ती. गाडी वजनाला हलकी, शंभर किलोच्या आसपास. त्यामुळे ती अशी काही उसळून पळायची, की तेव्हाच्या तरुण पोरांना तिचं वेड लागलं होतं. तुमच्यापैकी कित्येकींनी तिचा तो टणटणीत आवाज माहेरच्या गल्लीत ऐकला असेल. इंजिन टू-स्ट्रोक होतं, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं आणि मागे निळसर धूर निघायचा. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि गाडी बंद पडली.

बंद पडली आणि तिथेच तिची किंमत वाढायला सुरुवात झाली. नवीन निघत नाहीत. होत्या त्यातल्या कितीतरी भंगारात गेल्या. आणि ज्यांना कॉलेजात असताना ती परवडली नाही, ते आज पंचेचाळीस-पन्नाशीत आहेत, हातात चार पैसे आहेत. राहून गेलेली हौस आता पुरी करतात. जगभर हेच चाललंय. लेकाने सांगितलं, जपानमधली निस्सान स्कायलाइन जीटीआर म्हणून एक स्पोर्ट्‌स कार आहे. तिचं १९९९ ते २००२ चं मॉडेल अमेरिकेत कधी विकायलाच आलं नाही. तिथला कायदा असा, की त्यांच्या नियमांप्रमाणे न बनलेली परदेशी गाडी २५ वर्षं जुनी झाल्याशिवाय सहजासहजी आणता येत नाही. १९९९ च्या गाड्यांना २०२४ मध्ये पंचवीस वर्षं भरली. लोक त्या दिवसाची वाट बघत बसले होते, आणि किंमती आधीच आभाळाला भिडल्या होत्या. आपल्या गावात ती स्पोर्ट्‌स कार कुठली यायला? आपली स्पोर्ट्‌स गाडी म्हणजे ही पडवीतली.

वहिनी हळूच म्हणाल्या, “मला एवढंच ठाऊक, की धाकटीला दवाखान्यातून ह्याच गाडीवर घरी आणलं.”

दुपारी आम्ही गावातल्या जुन्या फिटरला बोलावलं. तीस वर्षं गॅरेज चालवणारा माणूस. त्याने आधी आर.सी. बुक मागितलं. इंजिनवरचा नंबर आणि चासीवरचा नंबर फडक्याने पुसून पुस्तकातल्या नंबराशी ताडून बघितला. दोन्ही जुळले. “वहिनी, अर्धी किंमत ह्यातच आहे,” तो म्हणाला. या गाड्यांना भाव आल्यापासून फसवाफसवीही वाढली आहे. एकीचं इंजिन दुसरीत बसवतात, नंबर घासून नवे ठोकतात, चोरीची गाडी चांगल्या कागदांवर खपवतात. मूळ टाकी, मूळ सायलेन्सर, मूळ मीटर असेल तर गाडीचं मोल वेगळं. रंग उडालेला चालतो, पण नंबर जुळलेच पाहिजेत. गुरुजींनी १९९४ साली घेतलेली ही गाडी एकाच हातातली होती. पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी त्यांनी नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं होतं. शेवटची मुदत तेवढी २०२४ मध्ये संपलेली.

“चालू करून, कागद सरळ करून दिली तर सत्तर-ऐंशी हजारांना मरण नाही,” फिटर म्हणाला.

संध्याकाळी भाऊजी आले. त्यांना हे रुचलं नाही. “घरातल्या गोष्टीत बाहेरच्यांनी कशाला पडायचं? मी शब्द दिलाय,” म्हणाले. वहिनी खाली मान घालून उभ्या. मला वाटलं, आता त्या सही करतात. पण बोलल्या त्या कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई. “गाडी माझ्या लेकाची. शब्द तू दिलास, तर तुझी विक.”

सासूबाई नुसत्या रागाने बोलल्या होत्या, पण कायद्यानेही त्यांचंच बरोबर होतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई. भावाचा नंबर त्यात नाही. हे जमिनीला आपण लक्षात ठेवतो, गाडीला विसरतो.

मग आरटीओच्या फेऱ्या सुरू झाल्या. गाडीचा मालक वारला, तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करायची असते. आम्हाला उशीर झाला होता, त्याचा भुर्दंड पडला. मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, मूळ आर.सी., विमा अशी कागदांची चळत झाली. सासूबाईंनी आणि दोन्ही मुलांनी ‘आमची हरकत नाही’ म्हणून लिहून दिलं. म्हातारीने सही शिकून घेतली होती आमच्याच साक्षरता वर्गात. प्रत्येक अक्षराला थांबून, पण स्वतः केली.

नोंदणीचं नूतनीकरणही करायचं होतं. दुचाकीची ही फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १००० रुपये झाली आणि वीस वर्षांपुढच्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ पासून २००० रुपये केली आहे. वर पर्यावरण कर, नवी सुरक्षित नंबरप्लेट, विमा, फिटरची मजुरी. वहिनींनी गटातून कर्ज घेतलं. सगळ्या बायकांनी हात वर केले. एकीने मात्र विचारलं, “आणि गाडी विकलीच नाही तर?” प्रश्न बरोबर होता. त्या रात्री मलाही झोप लागली नाही.

फिटरने इंजिन उघडलं, साफ केलं. कितव्या तरी किकला गाडी भडभडून धूर सोडत चालू झाली. बारावीतला मुलगा लगेच मागे लागला, “आई, विकायची नाही, मी चालवणार.” वहिनी पहिल्यांदाच ठामपणे बोलल्या, “लायसन्स नाही, कमाई नाही. ताईच्या नर्सिंगची फी भरायची आहे. गाडी बाबांची आठवण आहे, पण बाबांना काय आवडलं असतं ते मला ठाऊक आहे.”

काहींनी सल्ला दिला, आणखी चार वर्षं ठेवा, किंमत दुप्पट होईल. होईलही. पण पडवीतल्या गाडीला गंज चढतो, रबर चिरतं, मूळ सुटे भाग सोन्याच्या भावाने मिळतात. शिवाय दर पाच वर्षांनी कागदांचा खर्च ठरलेला. हौस असेल त्याने जरूर ठेवावी. पण भाव वाढतोय असं ऐकून कर्ज काढून जुनी गाडी घेऊ नये. वाढलेला भाव गिऱ्हाईक दारात येईपर्यंत खरा नसतो. सोनं रात्रीतून मोडता येतं, गाडी नाही. आणि कायद्याने ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते ती ५० वर्षांपुढच्या गाडीला, २०२१ च्या नियमांप्रमाणे. आरएक्स १०० ला तिथवर पोचायला अजून वेळ आहे.

अखेर गिऱ्हाईक आलं. पुण्यात कंपनीत नोकरी करणारे, केस पिकायला लागलेले गृहस्थ. वडिलांकडे ही गाडी मागितली होती, तेव्हा मार खाल्ला होता म्हणे. अठ्ठ्याहत्तर हजारांना सौदा ठरला. पैसे वहिनींच्या बँकेच्या खात्यात. फॉर्म २९ आणि ३० त्यांच्यासमोर पूर्ण भरले, तारीख-वेळ टाकली, एकेक प्रत आणि घेणाऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स ठेवून घेतली. नव्या मालकाच्या नावाचं आर.सी. हातात पडल्याशिवाय गाडी हलणार नाही, ही वहिनींची अट. माझी नाही बरं का, त्यांची! गृहस्थांनी ती मानली.

मैत्रिणींनो, हे एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण सांगते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केलं आहे, की गाडी विकली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे कोरी सही केलेली बाई गाडी गेल्यावरही त्या गाडीला बांधलेलीच राहते. विमा नसेल तर भरपाई तिच्या घरादारातून.

दागिन्याचं वजन आपल्याला गुंजेपर्यंत पाठ असतं. पण घरातल्या गाडीचे कागद कुठे आहेत, नाव कोणाचं, मुदत कधी संपते, हे किती जणींना ठाऊक आहे? आज संध्याकाळीच विचारा. आर.सी.वर वारस म्हणून नॉमिनी नोंदवण्याची सोय २०२१ पासून झाली आहे, तीही करून घ्या. आणि पडवीत, गोठ्यात एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली असेल तर भंगारवाल्याच्या आधी जाणकार फिटरला दाखवा. प्रत्येक जुनी गाडी मौल्यवान नसते, पण ते ठरवायचं तुम्ही, घेणाऱ्याने नव्हे.

गाडी न्यायला आले, त्या दिवशी मी गेले होते. गृहस्थांनी किक मारली. तो आवाज आला आणि सासूबाई ओट्यावर येऊन बसल्या. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत कोणी बोललं नाही. मग वहिनींनी ताडपत्री उचलली, झटकली, घडी घातली आणि मला म्हणाल्या, “ताई, गटाचा हप्ता आजच भरून टाकते. आणि मुलीच्या कॉलेजचा फॉर्म आहे, तो आपण दोघी बसून वाचू.”